इंदूताईंचे दोन खिळे

इंदूताईंच्या तळघरात कुणी पहिल्यांदा उतरलं, की त्या "बसा" म्हणायच्या आधी "हात दाखवा" म्हणायच्या. मलाही म्हणाल्या. मी म्हटलं, "भविष्य बघता काय?"

"भविष्य नाही बघत. घाम बघते."

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाची मुलं माझ्याकडे आली तेव्हा त्यांना माझ्या ट्रकच्या दिवसांवर काहीतरी हवं होतं. मी म्हटलं, लिहीन तर इंदूताईंवर. ती एकमेकांकडे बघायला लागली. दिवाळीच्या अंकात पिस्तुलं कशाला, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर अजून वाद आहे. पण एकदा हो म्हटलं की हो आणि नाही म्हटलं की नाही, एवढं मला येतं. मुलं म्हणाली, बरं आप्पा, लिहा. इंदूताई गेल्यावर कुणीतरी लिहायलाच पाहिजे होतं. गेल्या म्हणजे तशा नव्हे, बेलव्ह्यूला मुलाकडे गेल्या. तिथं बसून हे वाचतील आणि माझ्या चुका काढतील.

इथं अमेरिकेत ॲन आर्बरला आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. वरून बघाल तर चारचौघांसारखं. दारात तुळस, थंडी पडली की ती कुंडीसकट आत. फ्रीजवर मंडळाचं कॅलेंडर. पण स्वयंपाकघरातून जिना खाली उतरला की वेगळंच राज्य. लांब लाकडी टेबल, त्याला घट्ट बसवलेला, वस्तू जबड्यात आवळून धरणारा व्हाइस, वर पांढराशुभ्र दिवा, भिंतीवर लहानमोठ्या कानशी ओळीनं टांगलेल्या. हवा कोरडी ठेवणारं एक मशीन कोपऱ्यात घरघरत असायचं. आणि टेबलावर फ्लॅनेलच्या फडक्यावर एखादं जुनं रिव्हॉल्व्हर, सगळं खोलून, तुकडा तुकडा मांडलेलं.

सत्तरी ओलांडलेली, पाचवारी साडीवर डेनिमचा एप्रन घातलेली मराठी बाई जुनी रिव्हॉल्व्हरं दुरुस्त करते, हे मला आधी पटलं नव्हतं. धंदा म्हणून नाही, निव्वळ हौस. रीतसर लायसन काढून ते फ्रेम करून भिंतीवर लावलेलं. शेजारी गणपती.

तर ते हात. हात बघून झाले की त्या लोखंडाची एक चकचकीत घासलेली पट्टी द्यायच्या, बोटभर लांबीची. "मुठीत धरा. माझा चहा होईपर्यंत सोडायची नाही." चहा झाला की पट्टी चिमट्यानं उचलायची, दोऱ्याला नावाची चिठ्ठी बांधायची आणि ठेवून द्यायची. चारसहा दिवसांनी बघायचं. काही माणसांच्या घामात असं काहीतरी असतं की हात लागेल तिथं लोखंड गंजतं. पट्टीवर बोटांचे तांबूस ठसे उमटतात. तसे उमटले की पट्टी डाव्या खिळ्यावर. स्वच्छ राहिली की उजव्या. भिंतीवर हे दोन मोठे खिळे. डाव्या खिळ्यावाल्यानं त्या तळघरात खुशाल बसावं, बोलावं, चकली खावी, पण लोखंडाला बोट लावायचं नाही. मंत्री आला तरी नाही.

माझी पट्टी उजव्या खिळ्यावर गेली. तीस वर्षं ट्रक हाकला, हाताला डिझेल, ग्रीस, सगळं लागलं, पण हात कोरडा. घरी येऊन मी सूनबाईला, मेधाला, सांगितलं तर ती म्हणाली, "आप्पा, काँग्रॅच्युलेशन्स. पण तुम्ही तिथं जाऊ नका ना." तिला बंदुकांचा राग. तिच्या मुलीच्या शाळेत, कुणी बंदूक घेऊन शिरलं तर टेबलाखाली कसं लपायचं याचा सराव करून घेतात. तिचा राग मला समजत होता. तरी मी जात राहिलो.

डाव्या खिळ्यावर सगळ्यात वरची पट्टी इंदूताईंच्या नवऱ्याची, खालची मुलाची, समीरची. मी विचारलं, "घरचेच दोघं डावीकडे?"

"मग काय करू? माणूस देवासारखा होता. पण त्यानं भिंतीतल्या मोळ्याला हात लावला तरी मोळा दुसऱ्या दिवशी लाल. संसार केला, पण व्हाइसजवळ येऊ दिलं नाही."

"आणि तुमची पट्टी?"

"माझी कशाला? रोज हात लागतोय. गंजलं असतं तर कळलं नसतं?"

या बाई मूळच्या सांगलीच्या. इकडे आल्यावर दातांच्या लॅबमध्ये लागल्या. डॉक्टरनं माप पाठवायचं, त्यावरून यांनी कवळ्या आणि दातांवरच्या टोप्या घडवायच्या. सगळी नोकरी त्यात गेली. एकदा नवऱ्यानं कुणाच्या तरी घरच्या जुन्या सामानातून एक गंजून आवळलेलं रिव्हॉल्व्हर उचलून आणलं, दिवाणखान्यात शोभेला. यांनी बघितलं आणि म्हणाल्या, याचा जबडा बसलाय. लॅबमधल्या बारीक कानशी, चिमटे, आरसा काढला आणि महिनाभर त्याच्याशी खेळत बसल्या. शेवटी त्याचं गोळ्या भरायचं चक्र फिरलं. तेव्हापासून त्या प्रत्येक रिव्हॉल्व्हरशी पेशंटशी बोलावं तसं बोलायच्या. "आ कर. अजून. हं, कुठं दुखतंय बघू." घोडा मागं ओढताना जो कट्ट आवाज येतो, तो कानाशी धरून ऐकायच्या. आवाज बद्द आला की चेहरा पडायचा. स्वच्छ आला की "शहाणं गं माझं."

घरात काडतूस एकसुद्धा नाही. रिव्हॉल्व्हर आणणाऱ्यानं दारातच उघडून दाखवायचं. कुणी म्हटलं, "काकू, एम्प्टी आहे, मी चेक केलंय," की त्या म्हणायच्या, "सांगू नकोस, दाखव." त्यानं दाखवलं की स्वतः बघायच्या. टेबलावर ठेवून, नाक शिंकरून परत आल्या तरी पुन्हा बघायच्या. मी एकदा हसलो तर म्हणाल्या, "आप्पा, ट्रक उतारावर लावला तर तुम्ही चाकाखाली दगड लावायचात ना? ब्रेक होता की."

मी पुन्हा हसलो नाही.

मंडळाच्या संक्रांतीला एक पुण्याचा मुलगा, नोकरीला नवा लागलेला, तिळगूळ घेताना म्हणाला, "काकू, यार, ते पिक्चरमध्ये रिव्हॉल्व्हर मनगटाला झटका देऊन फटकन बंद करतात ना, तसं एकदा करून दाखवा ना."

इंदूताई म्हणाल्या, "तू गाडीचं दार लाथेनं लावतोस?"

"नाही."

"का?"

"बिजागरी वाकेल ना."

"मग झालं तर. खा तिळगूळ."

दुसरा एक जण कोरं करकरीत पिस्तूल घेऊन आला, त्याचा चाप हलका करून हवा होता. त्याला दारातून परत पाठवला. म्हणाल्या, "माझा दवाखाना म्हाताऱ्यांचा आहे."

आता रॉयबद्दल सांगतो. रॉय हा गावाबाहेरचा शेतकरी, गाई पाळायचा. माझ्याच वयाचा, उंच, कमी बोलणारा. त्याचं जुनं धान्याचं कोठार पाडलं तेव्हा भिंतीच्या आत एका पत्र्याच्या डब्यात त्याच्या आजोबाचं रिव्हॉल्व्हर सापडलं. डब्यात पाणी शिरलेलं. रिव्हॉल्व्हर कसलं, तांबड्या मातीचा गोळा. त्यानं तीन ठिकाणी दाखवलं. सगळे म्हणाले, भिंतीवर लाव. इंदूताईंनी ते दिव्याखाली धरलं, बराच वेळ फिरवून बघितलं आणि त्याला म्हणाल्या, "हे उठेल. पण घाई करायची नाही."

घाई होती मात्र. रॉय शेत विकून टेक्सासला मुलीकडे निघाला होता, पुढच्या हिवाळ्याचं बर्फ पडायच्या आत. आणि इंदूताईंनाही समीर बेलव्ह्यूला बोलवत होता. त्या हळूच मला म्हणाल्या, "आप्पा, हे शेवटचं. हे माझ्या हातून पुरं झालं की मी जायला मोकळी. अर्धं टाकून नाही जायची."

मग वर्षभर तेच. दर शनिवारी रॉय यायचा, स्टुलावर बसायचा, बोलायचा नाही. मी दुसऱ्या स्टुलावर. त्या तेलात भिजवून एक स्क्रू काढायच्या आणि आम्ही दोघं लढाई जिंकल्यासारखे एकमेकांकडे बघायचो. एक चपटी स्प्रिंग मोडली होती, ती त्यांनी नवी घडवली. तीनदा बिघडली, चौथ्यांदा जमली. शेवटी रंग. जुन्या लोखंडाचा तो काळा-निळा रंग त्या जुन्या रीतीनं द्यायच्या. लोखंडावर मुद्दाम बारीक गंज चढवायचा, उकळत्या पाण्यात टाकायचा, गंज काळा होतो, बारीक तारेच्या ब्रशनं तो झाडायचा, की पुन्हा चढवायचा. असं कितीतरी वेळा. मधे चुकून कुणाचं तेलकट बोट लागलं तर तेवढा डाग राहतो, पुन्हा पहिल्यापासून. मी म्हणायचो, हातमोजे घाला. त्या म्हणायच्या, "तुमच्या सूनबाई हातमोजे घालून पोळ्या लाटतात का? लोखंड हाताला कळावं लागतं."

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी रंग पुरा झाला. काय झालं होतं ते! विहिरीत वाकून बघितल्यावर पाणी दिसतं, तसा रंग. आता फक्त तेलाचा हात द्यायचा राहिला होता, पण इंदूताईंची रीत होती, आधी पूजा, मग तेल. खंडेनवमीला त्या तळघरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करायच्या. कानशी, व्हाइस, चिमटे यांना हळदकुंकू. रिव्हॉल्व्हरला मात्र फक्त फूल, कारण ओलं कुंकू त्या निळ्या रंगाला खातं.

त्या वर्षी मी मेधाला म्हटलं, चल. ती नको म्हणाली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, साडी नेसून, शेवंतीची फुलं घेऊन आली. रॉय टोपी काढून उभा. मेधानं कानशींना कुंकू लावलं, व्हाइसला लावलं आणि त्याच ओघात रिव्हॉल्व्हरवरही एक बोट टेकवलं. तिला काय माहीत?

"अगं अगं अगं!" म्हणत इंदूताईंनी ते झडप घालून उचललं, अंगठ्यानं कुंकू पुसलं, उलटंसुलटं करून सगळीकडून हात फिरवला. मेधा ओशाळली. पूजा कशीबशी उरकली. त्या गडबडीत तेल राहिलं ते राहिलंच, दुसऱ्या दिवशी दसऱ्याला घरात पाहुणे.

चार दिवसांनी पाहुणे गेल्यावर तेल द्यायला त्या खाली गेल्या आणि मला फोन आला. मी गेलो तर त्या टेबलाशी उभ्या. त्या निळ्या रंगावर तांबूस डाग.

"बघा तुमच्या सूनबाईंचं कुंकू."

मी चष्मा लावून बघितलं. म्हटलं, "ताई, कुंकू नळीवर लावलं होतं. डाग चक्रावर आहेत, मुठीच्या कडेला आहेत. कुंकू चालत गेलं काय?"

"मग तिचा हात लागला असेल."

"तिनं एक बोट टेकवलं."

"आप्पा, वर्षभराचं काम आहे!" त्यांचा आवाज चढला. "पंचवीस वर्षांत या टेबलावर असं झालेलं नाही. नवीन माणूस आलं आणि झालं. याचा अर्थ काय?"

घरी मी काही बोललो नाही, पण त्यांनी मेधाला फोन करून पट्टी धरायला बोलावलं. ती गेली, पट्टी धरली, परत आली आणि ओट्याशी पाठमोरी उभी राहिली. म्हणाली, "आप्पा, मला त्या वस्तूला हातसुद्धा लावायचा नव्हता. तुमच्यासाठी आले. आणि आता मी कल्प्रिट."

मग मात्र मी उठलो. तडक त्यांच्याकडे. रॉयही आलेला होता, त्याची पट्टी पुन्हा धरून झाली होती. मी माझी धरली. मग एक कोरी पट्टी उचलली आणि इंदूताईंसमोर ठेवली.

"हे काय?"

"तुमची."

"माझी?"

"त्या दिवशी सगळ्यात जास्त हात कुणाचा लागला?"

"आप्पा, हा उद्धटपणा झाला."

"असेल. धरा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मीही बघत राहिलो. रॉयला मराठी येत नाही, पण तो टोपी हातात फिरवत छताकडे बघायला लागला. शेवटी त्यांनी पट्टी उचलली, मुठीत आवळली आणि म्हणाल्या, "चहा तुम्ही करा मग."

मी केला. साखर जास्त झाली.

पुढच्या शनिवारी चारही पट्ट्या फडक्यावर मांडल्या होत्या. मेधाची स्वच्छ. माझी स्वच्छ. रॉयची स्वच्छ. चौथीवर चार बोटांचे ठसे, तांबडे, रेष न् रेष मोजून घ्यावी इतके ठळक. उन्हाळ्यात डॉक्टरांनी त्यांची औषधं बदलली होती, त्यानं असेल, वयानं असेल. मला त्यातलं कळत नाही. एरवी रोजच्या उकळीत नि तेलात ते झाकलं जात असेल. मला वाटलं आता रडतील. मनात म्हटलं, अरे, कशाला हट्ट केलास.

इंदूताईंनी चिमट्यानं ती पट्टी उचलली, चिठ्ठीवर स्वतःचं नाव लिहिलं, दोरा बांधला आणि चालत जाऊन डाव्या खिळ्यावर, नवऱ्याच्या आणि मुलाच्या पट्टीवर अडकवली. म्हणाल्या, "चला. घरचे सगळे एका जागी आले."

तिथूनच त्यांनी एप्रन सोडला, छत्री घेतली आणि माझ्याबरोबर आमच्या घरी आल्या. मेधानं दार उघडलं. बाईंनी आत पाऊल टाकायच्या आधी सांगितलं, "मेधा, डाग माझ्या हाताचे आहेत. तुझ्यावर आळ घेतला ते चुकलं. आणि आता मला तुझे हात पाहिजेत. आप्पांची बोटं केळ्यांसारखी आहेत, बारीक ब्रश त्यांना धरवणार नाही."

मेधा म्हणाली, "काकू, मी बंदुकीला हात लावणार नाही. आय मीन इट."

"नको लावूस. पण एकदा येऊन डाग बघ. मग ठरव."

"आणि ती चालणार ना नंतर? गोळी सुटणार?"

"चालेल. खोटं कशाला सांगू. पण माझ्या दारातून कुलूप लावल्याशिवाय एकही बाहेर जात नाही, किल्ली वेगळ्या पाकिटात. आणि रॉयला तू सांग काय सांगायचं ते. तुझ्या इंग्लिशमध्ये सांग, त्याला नीट लागेल."

मेधानं खरंच सांगितलं. तळघरात येऊन, रॉयसमोर उभी राहून, शाळेतल्या टेबलाखाली लपायच्या सरावापासून सगळं. तो ऐकत होता. मग म्हणाला, आमच्या टेक्सासच्या घरी ते काचेच्या कपाटात राहील, काडतूस मी आयुष्यात घेतलेलं नाही, आजोबांनी हात लावलेली एवढी एकच वस्तू माझ्याकडे उरली आहे. मेधा इंदूताईंकडे वळली आणि म्हणाली, "काकू, ब्रश कुठला?"

माझं हे लिखाण मेधाच टाइप करून देते; इथवर आल्यावर म्हणाली, आप्पा, माझं एवढं नको. मी काढणार नाही.

मग इंदूताई माझ्या स्टुलावर बसल्या आणि मी उभा. हात मांडीखाली दाबून बसायच्या, सवयीनं पुढं जायला नकोत म्हणून. "हलकं. मांजराला विंचरतेस असं समज. हं. थांब. उकळी आली. आप्पा, उचला." पुन्हा गंज, पुन्हा उकळ, पुन्हा ब्रश. मेधा कॉम्प्युटरवर काम करणारी मुलगी, पण हात असा चालायचा की इंदूताई मधेच ओरडायचं विसरायच्या. एकदा चक्राच्या खाचेत डाग राहिला, तर मेधाच म्हणाली, "काकू, हे परत करू या." बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मी काय सांगू.

बर्फ पडलं त्या सकाळी रॉय घ्यायला आला. त्याचा ट्रक सामानानं भरलेला, बाहेर चालू ठेवलेला. रिव्हॉल्व्हर फडक्यावर होतं. या वेळी तेल आधीच दिलेलं. त्यानं बघितलं, जवळ गेला नाही. म्हणाला, "इंडू, आधी तू हातात घे."

त्यांनी दोन्ही हात पाठीमागं नेले आणि बोटात बोटं अडकवली.

मी म्हटलं, "घ्या हो ताई. तेल लावलंय. एका मिनिटात काही गंजत नाही."

"आप्पा, माझी पट्टी कुठल्या खिळ्यावर आहे?"

"डाव्या."

"मग? मेधा, तू उचल. आधी उघडून दाखव. हं. रिकामं. आता बंद कर, माझ्या कानाशी धर आणि घोडा ओढ. सावकाश. कानाला घाम येत नाही."

मेधानं धरलं. कट्. कट्. कट्ट. इंदूताई हात मागं बांधून, मान वाकवून, डोळे मिटून ऐकत होत्या. कोपऱ्यातलं मशीनसुद्धा नेमकं त्याच वेळी बंद पडलं होतं.

"शहाणं गं माझं," त्या म्हणाल्या. कुणाला ते त्यांनाच माहीत.

रिव्हॉल्व्हर डब्यात ठेवून कुलूप लावलं, किल्ली वेगळ्या पाकिटात घातली, डबा रॉयच्या हातात गेला. दारापर्यंत आम्ही सगळे गेलो. इंदूताई पुढच्या पायरीवर, साडीवर एप्रन, त्यावर समीरचं जुनं जॅकेट, हात अजून मागंच. रॉयनं डबा काखेत धरला, हातमोजा काढला आणि उजवा हात पुढं केला. तो हात हवेत, आणि त्या तशाच उभ्या. मला वाटलं विसरल्या.

मग त्यांनी मागचा हात सोडवला, एप्रनला पुसला आणि त्याचा हात घट्ट धरला.

"माणसाला चालतं," त्या मराठीतच म्हणाल्या, आणि बर्फ पडत होतं तरी बराच वेळ सोडला नाही.